मामाच्या बँडपासून सुरुवात : विस्मरणात गेलेल्या रॉक बँडचा माग कसा काढावा

माझा मामा १९७० ते १९७२ अशी जेमतेम दोन वर्षं एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. घर गिरगावातल्या चाळीत आणि तालमी वांद्र्याला, एका मित्राच्या घराच्या पडवीत. पुढे बँकेत नोकरी लागली, लग्न झालं, गिटार माळ्यावर गेली. २०११ साली मामा गेला. माळा आवरताना ती गिटार सापडली, एक न वाजणारी कॅसेट सापडली आणि पाच जणांचा एक फोटो सापडला. फोटोच्या मागे मामाच्या अक्षरात एकच शब्द : षण्मुखानंद, म्हणजे माटुंग्याचं ते सभागृह. ना तारीख, ना कुणाचं नाव. मामीला विचारलं तर म्हणाली, "अगं, हे लग्नाच्या आधीचं. मला एवढंच ठाऊक, की त्यांचा ड्रमवाला वसईचा होता."

त्या वसईच्या ड्रमरच्या दारात उभं राहायला मला तीन वर्षं लागली. पुण्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी सव्वीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे कागद कसे शोधायचे हे माहीत होतं. पण बँडचे कागद नसतात. असतात त्या तबकड्या, कॅसेटी, जाहिराती आणि म्हातारी होत चाललेली माणसं. या शोधात चुकत चुकत जे जमलं ते इथे लिहिते आहे. तुमच्याही घरात असा एखादा काका, मावशी, शेजारी असेल तर लगेच कामाला लागा, कारण दर वर्षी यातली काही माणसं कमी होतात. मामाच्या बँडचं नाव मात्र देत नाही. त्यातले दोघं हयात आहेत आणि त्यांची तशी इच्छा आहे.

सगळ्यात आधी एक सवय मोडा : बँडच्या नावाने शोधायची. आपल्याकडचा रॉक बँड दोन-तीन वर्षं टिकला तरी खूप. त्यातली माणसं मात्र पुढे चाळीस वर्षं काही ना काही वाजवत राहतात, फक्त दुसऱ्या नावाखाली, दुसऱ्या गावात, दुसऱ्या प्रकारच्या संगीतात. बँडचं नाव शोधलंत तर दोन ओळी मिळतील. माणूस धरलात तर एक अख्खं आयुष्य उलगडत जातं.

नंदू भेंडे यांचं उदाहरण घ्या. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा, म्हणजे घर पुरतं मराठी रंगभूमीचं. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो मुंबईत वेल्वेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा बँडमधून इंग्रजी रॉक गात होता. फक्त या बँडची नावं घेऊन बसलात तर फार काही हाती लागणार नाही. नंदू भेंडे या नावाच्या मागे निघालात तर १९७४ मध्ये पोचता : अलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ केलं, त्यात ज्यूडास नंदू. आणि येशू कोण? मधुकर चंद्र धास, अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या दुसऱ्या रॉक बँडचा गायक. एका नाटकाच्या श्रेयनामावलीत दोन बँडचे धागे एकत्र आले! तिथून १९७८ : पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’, दिग्दर्शन जब्बार पटेल, संस्था थिएटर अकादमी. त्यात रवींद्र साठे, माधुरी पुरंदरे, चंद्रकांत काळे यांच्या बरोबरीने पुन्हा नंदू भेंडे. मग १९८२ : ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’. तोच गळा. ११ एप्रिल २०१४ला ते गेले. रॉकचा इतिहास शोधणारा माणूस मराठी नाटकाचं कात्रण उघडत नाही आणि नाटकवाला रॉकची तबकडी उघडत नाही, म्हणून हा सलग प्रवास फार थोड्यांना एका रेषेत दिसतो. तुम्ही दोन्ही उघडा.

आता हत्यार. एक जाड वही घ्या, संगणकावर तक्ता केलात तरी चालेल. प्रत्येक माणसाला एक पान. पानावर रकाने : काय वाजवायचा, कोणाबरोबर, कुठे, कधी, आणि शेवटचा रकाना ‘कशावरून’. हा शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. मी ऐकीव माहिती पेन्सिलने लिहिते आणि डोळ्यांनी छापील पाहिली की शाईने गिरवते. तीन वर्षांनंतर तुम्हाला आठवत नाही की अमुक माणूस १९७१ मध्ये ड्रमवर होता हे आपल्याला कुणी सांगितलं. पेन्सिल आठवण ठेवते.

नावांचा घोळ हा या कामातला सगळ्यात मोठा खड्डा आणि मी त्यात नीट पडले आहे. वेल्वेट फॉग नावाचा एक बँड मुंबईत होता आणि जवळजवळ त्याच नावाचा एक इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमचा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक शेवटच्या एका अक्षराचा : मुंबईकरांच्या ‘वेल्वेट’मध्ये शेवटी ‘ई’ आहे, इंग्लंडवाल्यांच्या नाही. इंग्लंडच्या बँडने १९६९ मध्ये पाय या कंपनीकडून एक लाँगप्ले काढली आणि ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी त्यात थोडा काळ होता. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘बॉम्बे, रेअर’ असं लिहून सीडी विकायला ठेवली होती. मी दीड हजार रुपये भरले, तीन आठवडे वाट पाहिली आणि हातात आला तो बर्मिंगहॅमचा बँड. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून माझा नियम आहे : नाव जुळलं तर ते शून्य मानायचं. नाव अधिक गाव, किंवा नाव अधिक एक माणूस, असे दोन दुवे जुळले तरच वहीत घ्यायचं.

उलटही होतं. दोन नावं आणि बँड एकच. महेश तिनईकर, उदय बेनेगल यांचा मुंबईचा रॉक मशीन १९८४ पासूनचा; १९८८ मध्ये त्यांची ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आली, १९९० मध्ये दुसरी. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. एखाद्याच्या पानावर ‘रॉक मशीन, १९९० नंतर माहिती नाही’ असं लिहिलंत तर ती माणसाची चूक नाही, आपण पाटी बदलल्याचं पाहिलं नाही. आणि आडनावांची स्पेलिंगं तर विचारूच नका. गोव्याचं, पारशी, दाक्षिणात्य आडनाव तबकडीच्या वेष्टनावर तीन प्रकारे छापलेलं असतं. नाव मोठ्याने म्हणून बघा आणि ते जितक्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारे शोधा. डिस्कॉग्जसारख्या संग्राहकांच्या कोशात एकाच वादकाची अशी सगळी रूपं एकत्र जोडलेली असतात, त्या यादीवरून सुरुवात केली तर वेळ वाचतो.

तबकडी हातात आली की वेष्टन बाजूला ठेवा आणि आधी तबकडीच वाचा. मी रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात जाते (बुधवारीही भरतो, पण रविवारी माल जास्त), तेव्हा पिशवीत एक छोटी विजेरी आणि भिंग असतं. तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरा, बोटं खाचांना लागू द्यायची नाहीत. विजेरी वरून मारू नका, बाजूने, जवळजवळ आडवी धरा. शेवटचं गाणं संपतं आणि मधलं लेबल सुरू होतं त्यामध्ये एक गुळगुळीत काळा पट्टा असतो. सुई तिथे नुसती फिरत असते. आडव्या उजेडात त्या पट्ट्यावर अक्षरं उठतात. काही ठशाने उमटवलेली, सरळ आणि सारख्या उंचीची. काही हाताने कोरलेली, वाकडीतिकडी. हा त्या साच्याचा क्रमांक. लेबलं चुकीची चिकटतात, वेष्टनं अदलाबदल होतात, पण हा क्रमांक तबकडीच्या अंगातच असतो. तो आणि लेबलावरचा क्रमांक दोन्ही उतरवून घ्या.

लेबलावरच्या क्रमांकाची सुरुवात कंपनी सांगते. ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे आपल्या एचएमव्हीच्या, कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात निघालेल्या लाँगप्लेवर ‘ईसीएलपी’ दिसलं तर बहुधा मोनो, ‘ईसीएसडी’ दिसलं तर स्टिरिओ. पॉलिडॉरच्या भारतीय लाँगप्ले बऱ्याचदा २३९२ने सुरू होतात. एकाच मालिकेतले मागचे-पुढचे क्रमांक पाहिलेत, त्यातल्या एखाद्या सिनेमाच्या तबकडीचं साल माहीत असलं, की मधल्या अनोळखी तबकडीचं साल दोन बोटांच्या चिमटीत सापडतं. वर्तुळातला ‘पी’, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या हक्काची खूण, आणि त्यापुढचं साल असेल तर उत्तमच. पण शीर्षकात आकडा आहे म्हणून तेच प्रकाशनाचं साल धरू नका. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टच्या ‘ऑब्सेशन ७७’च्या बाबतीतही लेबल आधी, शीर्षक नंतर. ही तबकडी लॉस एंजेलिसच्या नाउ-अगेन या कंपनीने २०११ मध्ये पुन्हा काढली. अशा पुनर्प्रकाशनाबरोबर येणारी पुस्तिका टाकून देऊ नका. गाण्यांपेक्षा आपल्या कामाला तीच जास्त येते, कारण कुणीतरी वादकांना गाठून प्रश्न विचारलेले असतात.

सत्तरच्या सुमाराचे बँड शोधत असाल तर सिमला बीट स्पर्धेला पर्याय नाही. इम्पिरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेली ही देशभरातल्या बँडची स्पर्धा. तिच्या १९७० आणि १९७१ अशा दोन लाँगप्ले निघाल्या. शिलाँगचे फेन्टोन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, मुंबईचे वेल्वेट फॉग, असे कितीतरी बँड त्या दोन तबकड्यांमुळेच आज ऐकायला मिळतात. सिगारेट कंपनीला जाहिरात करायची होती म्हणून हे आवाज वाचले. मला या गोष्टीचं अजून वाईटही वाटतं आणि बरंही.

कॅसेट सापडली तर एक विनंती आहे : लगेच लावून बघू नका. मामाची कॅसेट मी तशीच प्लेअरमध्ये घालायला निघाले होते, शेजारच्या साउंडवाल्या मुलाने हात धरला. त्याने दाखवलं ते सांगते. कॅसेटच्या उघड्या बाजूला मधोमध, पितळी पट्टीवर नखाएवढा लोकरीचा तुकडा असतो. तो फीत हेडवर दाबून धरतो. चाळीस वर्षांत त्याचा गोंद सुटतो, तुकडा आत पडतो आणि मग आवाज येत नाही किंवा फीत गुंडाळली जाते. खोक्याला पाच स्क्रू असतील तर सुदैव. टेबलावर पांढरं कापड पसरा, कॅसेट सपाट ठेवा, स्क्रू काढा आणि वरचं झाकण सरळ वर उचला, तिरकं नाही. आता काही करण्याआधी फोटो काढा : फीत कुठल्या चाकावरून कशी गेली आहे ते. मग दोन्ही रिळं उचलून एखाद्या चांगल्या, नव्या कॅसेटच्या रिकाम्या खोक्यात तशीच बसवा. फितीला बोट लावायचं नाही. स्क्रू नसलेलं, चिकटवलेलं खोकं असेल तर ते कडेने पातीने उघडावं लागतं. ते काम हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, आणि कोकणातल्या घरातल्या कॅसेटीवर ती हमखास दिसते, तर ती बुरशी आहे. तोंडाला कापड बांधा, ती कॅसेट इतर कॅसेटींपासून वेगळी ठेवा आणि आधी कोरडी होऊ द्या.

वाजवताना पहिल्याच खेपेला संगणकावर उतरवा. दोन्ही बाजू, अख्ख्या, मधल्या शांततेसकट. खरखर साफ करायचा मोह होतो, तो आवरा. साफ करायचीच तर दुसऱ्या प्रतीवर. कारण खरखरीत माहिती असते, आणि हे मला कळलं तो दिवस मी विसरणार नाही. आमची कॅसेट मूळ स्पूलवरून पुढे कधीतरी उतरवलेली होती आणि सगळी गाणी विचित्र चढ्या सुरात वाटत होती. साउंडवाल्या मुलाने विचारलं, "मावशी, मागे तो घुमणारा आवाज येतोय ना, तो कसला?" तो मामाने घरी बनवलेल्या अँपचा, म्हणजे वाद्याचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरचा. मामा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून अँप जोडायचा. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे अशा अँपची घरघर ५० किंवा दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झवर असायला हवी. मुलाने ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं सुरू होण्यापूर्वीच्या शांततेचा आलेख काढला. रेघ उभी होती ५३ला. म्हणजे फीत सहा टक्के जोरात धावत होती, जवळजवळ बरोबर अर्धा स्वर वर. वेग तेवढा उतरवला आणि मामाच्या बेसची सगळ्यात खालची तार आपल्या जागी आली. आलेखात अशा दोन रेघा दिसल्या तर एक नंतरच्या प्रतीची असू शकते; बँड थांबून अँप बंद होताच जी नाहीशी होते ती तुमची.

वर्तमानपत्रांबद्दल थोडक्यात. बातम्या नका शोधू, बातमी मिळणार नाही. जाहिराती शोधा : हॉटेलं, कॉलेजची संमेलनं, रविवार सकाळचे शो. मुंबईत एशियाटिक सोसायटीत जुन्या अंकांच्या बांधीव फायली आहेत. कलकत्त्याहून १९६७ ते १९७७ निघालेलं तरुणांचं नियतकालिक ज्युनिअर स्टेट्समन, म्हणजे जेएस, कुणाच्या घरी गठ्ठ्याने असेल तर त्यांच्याकडे चहाला जाच. नव्वदीनंतरच्या बँडसाठी अलाहाबादहून १९९३ पासून निघालेलं रॉक स्ट्रीट जर्नल पाहा.

मग माणसं. बँड मोडल्यावर वादक कुठे जातात याच्या वाटा ठरलेल्या आहेत, आणि त्या वाटांवर जाऊन उभं राहायचं. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, जिंगलच्या स्टुडिओत, हॉटेलात, जहाजावर, आखातात, चर्चमध्ये, नाटकात, शिकवण्यांत. परदेशातही. मद्रासचा रमेश शोथम ह्यूमन बाँडेज या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा, त्याचा भाऊ सुरेश गिटार. रमेश पुढे तविल शिकला, जर्मनीत कोलोनला गेला आणि तिथल्या जॅझमध्ये दक्षिणेचं तालवाद्य घेऊन उभा राहिला. त्याला ‘भारतीय रॉक’ या कप्प्यात शोधत बसलात तर तो सत्तरीतच संपतो. बेंगळुरूच्या ट्रोजन्समधला बिड्डू लंडनला गेला आणि ‘कुंग फू फायटिंग’चा निर्माता झाला, १९७४; सहा वर्षांनी ‘कुर्बानी’तलं ‘आप जैसा कोई’ त्याचंच. आणि रेमो फर्नांडिस युरोपात फिरून गोव्यातच परतला : घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर सगळी वाद्यं स्वतः वाजवून ध्वनिमुद्रण केलं आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. अशा कॅसेटींचा माग कंपनीच्या नोंदीत लागत नाही. तो म्हापशा-पणजीच्या जुन्या दुकानदारांना विचारावा लागतो. मी तर म्हणेन ड्रमर आणि बेसवाल्यांपासूनच सुरुवात करा. गायकाला सगळ्यांनी विचारलेलं असतं, त्याची उत्तरं तयार असतात. ड्रमरला आजवर कुणी विचारलेलं नसतं आणि तोच सगळ्यात जास्त बँडमध्ये वाजवून आलेला असतो, कारण ड्रम ज्याच्याकडे आहेत त्याला सगळे बोलावतात.

भेटायला जाताना साल विचारू नका. "कोणत्या वर्षी?" या प्रश्नाने म्हातारा माणूस अवघडतो आणि काहीतरी आकडा सांगून मोकळा होतो. त्याऐवजी खुंटी द्या. डिसेंबर ७१च्या लढाईतल्या ब्लॅकआउटच्या आधी की नंतर? ऑक्टोबर ७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये येऊन वाजवून गेले, तेव्हा तुमचा बँड होता का? ७४च्या रेल्वे संपात सामान कसं नेलंत? आणीबाणीत शो बंद पडले का? मुंबईच्या माणसाला हे सगळं लख्ख आठवतं. मग विचारा सामानाबद्दल : ड्रम कुठल्या गाडीतून नेले, अँप कुणाचा, मानधन किती आणि ते कोण वाटायचं. सामान आठवलं की माणसं आठवतात, ती वस्तू कुणीतरी दुसऱ्या टोकाला धरलेली असते. आणि रेकॉर्डर चालू करण्याआधी परवानगी, घरी आल्यावर त्याच रात्री टिपण, आणि आठवड्याच्या आत त्यांना वाचायला पाठवणं. पत्ता, फोन, आजारपणं हे सगळं वहीत राहू द्या, बाहेर नाही.

माझा वसईचा ड्रमर सापडला तो चर्चच्या गायकवृंदाच्या एका फोटोतून, पण ते सांगत बसत नाही. अंकल ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मूळचे ख्रिस्ती, घरात मराठीच. पडवीत बसवलं, आंटींनी पाणी आणलं. मी फोटो पुढे केला. मनात माझं ठरलेलंच होतं : षण्मुखानंद म्हणजे सिमला बीटची अंतिम फेरी, मामाचा बँड तिथे वाजला होता. वहीत पेन्सिलने तसं लिहिलेलंही होतं.

"अंकल, हा सिमला बीटचा ना? तुम्ही फायनलला होतात ना?"

त्यांनी फोटो बराच वेळ धरला. मग चष्मा काढून परत घातला.

"नाय गं बाये. आमी नाय वाजवलं. आमचा अँप वाजला."

बाहेरगावच्या एका बँडचा अँप आदल्या संध्याकाळी जळाला होता. कुणीतरी वांद्र्याला निरोप धाडला. मामाने आणि अंकलनी मामाचा अँप टॅक्सीत घालून माटुंग्याला नेला. कार्यक्रम चालू असताना मामा पडद्यामागे जमिनीवर बसून होता, एका हातात स्क्रूड्रायव्हर आणि दुसरा हात ट्रान्सफॉर्मरवर, किती तापतोय बघायला. त्याने एकही गाणं पाहिलं नाही, अंकल म्हणाले, नुसतं ऐकलं. नंतर सगळे बाहेर आले तेव्हा हा फोटो निघाला. आणि मग अंकल म्हणाले, "बँड सुटला ना, तरी तो बंद नाय झाला. बँकेतून येऊन रात्री बसायचा. आमच्यानंतर चार बँडना त्याने अँप करून दिले. तुला नाय माहीत?"

मला माहीत नव्हतं. मामीलाही नव्हतं; तिला वाटायचं तो रेडिओ दुरुस्त करतोय. त्या रात्री मी मामाच्या पानावरची सिमला बीटची ओळ खोडली. ‘काय वाजवायचा’ या रकान्यात ‘बेस’ होतं, त्यापुढे ‘अँप’ लिहिलं, आणि ७२ला संपलेलं पान पुढे उघडं ठेवलं. तेव्हापासून प्रत्येक बँडच्या पानावर मी एक ओळ वाढवली आहे : सामान कोण बनवायचं, कोण दुरुस्त करायचं, कोण उचलायचं. तुम्हीही ही ओळ ठेवा. मामाचा दुवा तिथे निघाला, आणि त्यानंतर आणखी दोन माणसांचे निघाले.

चार अँपपैकी अजून एकही मिळालेला नाही. अंकलनी खूण सांगितली आहे : लाकडी खोकं, पुढे वेताची जाळी, मागे पत्रा, आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेली मामाची दोन आद्याक्षरं आणि तारीख. तबकडीच्या काळ्या पट्ट्यावर कोरलेली असतात तशीच. असा एखादा अँप कुठे दिसला, कुणाच्याही हातचा असो, तर आधी पत्रा उघडून विजेरी आडवी धरा आणि फोटो काढा. प्लग लावून चालू करून बघू नका. पन्नास वर्षांचे कपॅसिटर फुटतात, आत व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, असतील तर जीव घेण्याइतका विजेचा दाब असतो, आणि एकदा जळला की त्याची मूळ जोडणी कळत नाही. प्लगची वायर कापून बाजूला बांधून ठेवा, आणि जाणकार मिळेपर्यंत तो कोरड्या जागी, कापडाखाली राहू द्या.